चेन तोडायचं, चेन जोडायचं हत्यार

नवरात्र संपत आलं की भाईंदरला मुर्धा गावाच्या बाजूला जुन्या मिठागरांतला चिखल वाळायला लागतो. त्याच्यावर पापुद्रा धरतो, पापुद्र्याला भेगा पडतात, आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर एक खारट, जरासा कुबट वास आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत येतो. चौक गावाकडे बांबूच्या मांडवांवर बोंबील लटकायला लागतात. लोक या दिवसांना ऑक्टोबर हीट म्हणतात आणि कपाळाचा घाम पुसत शिव्या घालतात. मला मात्र हे दिवस आवडतात. माझ्या लेखी हा चेनचा मोसम आहे.

चेन म्हणजे मोटरसायकलची. चार महिने ती पावसाचं पाणी, चिखल आणि खाडीवरचा खारा वारा खात असते. पाऊस आहे तोवर ओली असते, त्यामुळे तिचं दुखणं कळत नाही. ऊन पडलं की गंज वर येतो, कड्या आखडतात, आणि गाडी सुरू केली की पायाजवळून कर्र कर्र असा आवाज यायला लागतो. आज सकाळी राई गावाच्या वळणावर तो आवाज मला ऐकू आला. हसूच आलं. म्हटलं, आली वेळ.

माझं काम असं, की मी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. सकाळी सहाला निघते, कारण बहुतेकांना उपाशीपोटी रक्त द्यायचं असतं आणि उपाशी माणसाला चहासाठी ताटकळत ठेवणं बरं नाही. एक दिवस मुर्धा, राई, चौक. दुसऱ्या दिवशी अगदी उलट टोकाला, घोडबंदर रोडवर चेण्यापर्यंत. मागच्या सीटवर नमुन्यांची निळी थंड पेटी बांधलेली असते. गाडी बाबांची. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "स्कूटर घेऊ नकोस. हिला काय झालं तर मला कळतं."

त्यांना कळायचंच. बाबा परभणीकडच्या एका खेड्यातून इथे आले आणि भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर फिटर म्हणून काम केलं. भांडी ज्या साच्यांत दाबली जातात ते साचे बनवायचे, दुरुस्त करायचे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. आम्ही बौद्ध, त्यामुळे दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा होत नाही. पण विहारातून परत आलं की बाबा पलंगाखालची लोखंडी पेटी ओढतात, एकेक हत्यार फडक्याने पुसतात आणि तेलाचा हात फिरवून परत ठेवतात. "पूजा नाही," म्हणतात, "देखभाल."

मी सांगतेय तो ऑक्टोबर तीन वर्षांपूर्वीचा.

त्या वर्षी ऐन पावसाळ्यात चेन संपली, आणि बाबा गावाला गेले होते म्हणून मी रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये नवी बसवून घेतली. तिची दोन टोकं जोडली होती ती क्लिपच्या कडीने. म्हणजे असं, की दोन पिना आत घालायच्या, वरून पट्टी बसवायची, आणि पट्टी निसटू नये म्हणून माशाच्या आकाराची एक छोटीशी क्लिप चिमट्याने सरकवायची. दोन मिनिटांचं काम. दुसरी पद्धत रिव्हेटची. तिच्यात पिनेचं तोंडच दाबून फुलवतात, म्हणजे पट्टी सुटायचा प्रश्नच राहत नाही. तिला वेळ लागतो, आणि हत्यार लागतं. मला तेव्हा यातलं काहीही माहीत नव्हतं. गाडी चालतेय ना, एवढंच मी बघत होते.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात चौकहून परत येताना ती क्लिप उडाली. कुठे, कधी, कळलंच नाही. एकदम खाड असा आवाज झाला, सुटलेली चेन पुढच्या दातेरी चाकाशी गोळा झाली आणि मागचं चाक जाम झालं. वेग कमी होता म्हणून वाचले. गाडी आडवी घसरली, मी तिच्यासोबत. गुडघ्याची कातडी रस्त्यावर राहिली. पण मी आधी पेटी बघितली. आत तीन घरांचे नमुने होते. नळ्या फुटल्या नव्हत्या. रिक्षा मिळायला मात्र इतका वेळ गेला, की लॅबमध्ये पोचल्यावर आमच्या टेक्निशियनने नळी उजेडात धरून मान हलवली. "हे चालणार नाही, ताई. परत घ्यावे लागतील."

तीन माणसांनी पुन्हा उपाशी राहायचं. त्यातली एक मार्टामावशी. चौकची कोळीण, सत्तरीची, साखरेचा त्रास. तिची शीर सापडणं म्हणजे परीक्षाच असते. एका नळीसाठी मला तिच्या हातावर पाच मिनिटं बोटं फिरवत बसावं लागतं. दुसऱ्या दिवशी मी बसने तिच्याकडे गेले, आणि काय तोंडाने सांगावं असा विचार करत दारात उभी राहिले. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सुई ऱ्हाऊ दे गो. आधी पाय दाव."

"काही नाही मावशी, खरचटलंय नुसतं."

"खरचटलंय न्हाय, सोललाय." तिने हळद आणली, स्वतः वाकून लावली, आणि मग आपणच बाही वर सरकवून बसली. "घे आता. कालच्यापेक्षा आज पटकन सापडंल."

सापडलीही. पण परत येताना बसच्या खिडकीशी बसून मी एकच विचार करत होते. लोक आपली शीर माझ्या स्वाधीन करतात, आणि मी माझी चेन कुणाच्या स्वाधीन केलीय हे मला माहीत नसावं?

गाडी टेम्पोतून बिल्डिंगच्या आवारात आणून टाकली होती. बाबा गावाहून केव्हाच परतले होते, पण ही नवी चेन त्यांनी अजून पाहिली नव्हती. ते खाली उतरले, उकिडवे बसले, बराच वेळ बघत राहिले.

"क्लिप उलटी बसवली असंल," ते म्हणाले. "बंद तोंड चाक फिरतंय त्या बाजूला पाहिजे. नाहीतर बसली असंल बरोबर, पण ढिली. क्लिपच गेली, आता कुणाला विचारायलीस?"

"मग आता?"

"रिव्हेट मारू. मी मारतो. नवी चेन आण, आणि रिव्हेटची कडी माग. क्लिपची देतील, घेऊ नको."

चेन आणली. ती आमच्या गाडीला हवी त्यापेक्षा चार कड्या लांब होती, म्हणून आधी तोडायला हवी होती. रविवारी सकाळी बाबांनी पेटी खाली आणली. लोखंडाचा ठोकळा मांडला, त्यावर चेन ठेवली, तोडायच्या पिनेचं डोकं कानशीने घासून सपाट केलं. मग पिनेवर टोच्या धरायला मला सांगितला आणि हातोडी उचलली.

पहिला घाव टोच्यावर बसला. दुसरा चेनवर. तिसरा माझ्या अंगठ्यावर.

मी ओरडले नाही, पण टोच्या हातातून सुटला. बाबांनी हातोडी खाली ठेवली. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. तो मांडीवर होता आणि थरथरत होता. हे मला नवीन नव्हतं. गेले काही महिने ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होते, आणि मी बघितलं की म्हणत होते, "गार आहे, हात शेकायलो." रोज चार-पाच माणसांचे हात मी माझ्या हातात धरते. थरथर मला ओळखू येते. तरी घरातल्या थरथरीबद्दल मी एक शब्द काढला नव्हता.

"हातोडीचा दांडा ढिला झालाय," बाबा म्हणाले.

दांडा पक्का होता. दसऱ्याला तेल लावताना त्यांनीच पाचर ठोकून बसवला होता. मी म्हणाले, "हो, मलाही तसंच वाटलं." आम्ही सामान आवरलं आणि वर आलो. दिवसभर दोघंही टीव्ही बघत होतो. काय लागलं होतं, विचाराल तर सांगता येणार नाही.

पुढचा आठवडा मी बस आणि रिक्षाने फिरले. चौक कसंबसं जमलं. चेण्याला मात्र दोनदा उशीर झाला. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "वंदना, गाडी होईपर्यंत चेणे दुसऱ्या कुणाला देऊ का?" मी म्हणाले, "चार दिवस द्या." हत्यार विकत मिळतं हे मला फोनवर शोधून कळलं होतं. चेन तोडायचं आणि रिव्हेट मारायचं, दोन्ही एकातच. इंग्रजी सी अक्षरासारखी एक जाड चौकट, तिच्यातून जाणारा मोठा स्क्रू, आणि स्क्रूच्या टोकाला पिन. स्क्रू फिरवला की ती पिन चेनची पिन ढकलून बाहेर काढते. टोक बदललं की तेच हत्यार नव्या पिनेचं तोंड फुलवतं. घाव नाही, ठोकणं नाही. नेम धरायची गरजच नाही.

बाबांना सांगितलं नाही. हातोडी असताना हे कशाला, असं ते म्हणाले असते. आणि त्यावर मला खरं बोलावं लागलं असतं. स्टेशनच्या पश्चिमेला हत्यारांचं एक जुनं दुकान आहे, तिथून मी गुपचूप एक सेट घेऊन आले. निळ्या प्लास्टिकची पेटी, आत फोमचे खळगे, प्रत्येक खळग्यात चकचकीत भाग. बघूनच विश्वास वाटावा असं. बाबा दुपारचे झोपले असताना आवारात जाऊन लावलं. स्क्रू फिरवत गेले, जोर लावला, अजून जोर लावला, आणि हत्याराची पिन मेणबत्तीसारखी वाकली. चेनची पिन जागची हलली नव्हती.

मान वर केली तर बाबा जिन्याच्या तोंडाशी उभे होते.

ते आले, वाकलेली पिन हातात घेतली, उन्हात धरून बघितली.

"मला विचारलं असतंस तर."

"तुम्ही म्हणाला असतात, हातोडी आहे की."

आवारातल्या भिंतीवर कुणीतरी गाद्या वाळत घातल्या होत्या, त्यांच्याकडे ते बघत राहिले. मग म्हणाले, "हातोडी आहे. हात नाही राहिला, वंदू. दांडा चांगला होता."

"माहीत आहे मला."

"मला बी माहीत होतं, की तुला माहीत आहे." त्यांनी पिन खिशात टाकली. "कुठल्या दुकानातून आणलंस? चल. चप्पल घालतो."

दुकानदार गुजराती, काउंटरवर पंखा लावून बसलेला. बाबांनी त्याला वाकलेली पिन दाखवली. तो म्हणाला, "काका, ये लाइट काम के लिए है. आपको हेवी माल दिखाता हूँ." आणि त्याने समोर तीन हत्यारं मांडली. एक पुन्हा पेटीतलं, पहिल्यापेक्षा जास्त भागांचं. एक हलकं, सुबक, पण फक्त तोडणारं. तिसरं काळं, बोजड, तेलकट कागदात गुंडाळलेलं, पेटीबिटी काही नाही.

मी अर्थातच पेटीकडे बघत होते. बाबांनी शर्टच्या खिशातून बोटाएवढी कानस काढली.

"अरे काका, नया माल है! घिसना मत!"

"सिर्फ पिन को. एक बार. कुछ नहीं होगा." आणि कानस त्यांनी माझ्या हातात दिली. "तू मार. हाताला कळतं."

पेटीतल्या हत्याराच्या पिनेवर मी कानस ओढली. ती किंचित रुतली, आणि पिनेवर एक पांढरी रेघ उठली. "हे मऊ," बाबा म्हणाले. "लोखंड कानशीला धरतंय. ते चेनच्या पिनेसमोर वाकणार." मग काळ्यावर ओढली. कानस सरळ घसरली, काचेवरून नख जावं तशी. पिनेवर काही उमटलं नाही. माझ्या मनगटाला तो फरक इतका स्पष्ट कळला, की मी त्यांच्याकडे बघून हसले. शीर बोटाखाली सापडते तेव्हा अगदी असंच होतं. डोळ्यांना काही दिसत नसतं, पण बोट सांगतं, इथे आहे.

पुढे त्यांनी मला मोठा स्क्रू शेवटपर्यंत हाताने फिरवायला लावला. कुठे अडकतो का, कुठे डुगडुगतो का. टोक बघायला लावलं; पिनेचं तोंड फुलवायचं टोक मधोमध आहे की तिरकं. मग दुकानदाराला एकच प्रश्न विचारला. "इसका पिन अलग से मिलता है?"

"मिलता है ना."

"तो दो पिन देना." मला म्हणाले, "पिन कधीतरी तुटणारच. कुठलंबी हत्यार घेताना आधी विचारायचं, तुटल्यावर काय. ज्याचं उत्तर मिळतं ते घ्यायचं."

आम्ही ते काळं घेतलं. दुकानदाराने आधीचा सेट परत घेतला नाही, आणि बाबांनी फार वाद घातला नाही. "त्यातले पाने कामाला येतील," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत, आम्ही आवारात बसलो. मी आणि गाडी खाली, बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत. घासलेल्या पिनेवर हत्यार बसवलं आणि स्क्रू फिरवला. आधी घट्ट, मग टक् असा बारीक आवाज, मग एकदम हलकं. पिन बाहेर आली. एवढंच. मी चार कड्यांचा तुकडा वेगळा केला, चेन चाकांवरून घेतली, नव्या कडीच्या पिनांना ग्रीस लावून आत घातल्या, हत्याराने पट्टी दाबून बसवली. मग टोक बदललं. आता तोंड फुलवायचं.

बाबांनी बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर आणला होता, पण तो त्यांच्या हातात स्थिर राहत नव्हता, आणि मला तो वाचता येत नव्हता. त्यांनी तो बाजूला ठेवला. "शेजारच्या पिना बघ. कंपनीने जेवढ्या फुलवल्यात तेवढीच फुलव. नखाने बघ."

मी थोडं फिरवायचे, हत्यार काढायचे, नखाने चाचपायचे, परत लावायचे. पहिली पिन झाली. दुसऱ्या पिनेला मी थांबले तेव्हा बाबा पुढे वाकले.

"अजून एक चावी फिरव."

मी पुन्हा नख फिरवलं. "नको. झालंय."

"मी सांगायलो ना. कमी राहिलं तर निघंल."

"कमी नाहीये बाबा. अजून दाबलं तर कडी आखडेल. नाहीतर तोंडाला चीर पडेल."

ते माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यात कुठल्याही लोखंडाबद्दल मी त्यांना नको म्हणाले नव्हते. माझा हात हत्यारावर होता आणि मला माझ्या हाताबद्दल तिळमात्र शंका नव्हती. मी हत्यार काढून जमिनीवर ठेवलं.

बाबा खुर्चीतून उठले, गुडघ्यावर बसले, आणि ती कडी दोन बोटांत धरून हलवली. वर, खाली. बोटं थरथरत होती तरी कडी मोकळी फिरत होती, शेजारच्या कडीइतकीच. मग भिंगातून दोन्ही तोंडं तपासली, चीर आहे का. मागचं चाक हाताने फिरवलं. आवाज नाही. चाक फिरत राहिलं, आणि ते थांबेपर्यंत बाबा त्याच्याकडे बघत होते.

"बरोबर," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "बरोबर थांबलीस."

त्या दिवशी मी चेण्याला वेळेवर पोचले. घोडबंदर रोडवर डोंगराच्या बाजूला पिवळं पडू लागलेलं गवत, उतारावर गार वारा, आणि पायाशी चेनचा इतका मऊ आवाज की गाडी चालू आहे का असं वाटावं. वेग वाढवला तेव्हा मनात भीतीचा लवलेश नव्हता. पूर्वीही भीती नव्हतीच, पण ती माहिती नसल्यामुळे नव्हती. आता होती ती खात्री. त्या दोन्ही अवस्थांमध्ये माणूस तसाच ताठ बसतो, तशीच शीळ घालतो. बाहेरून फरक दिसणार नाही. आतून मात्र मी कुठल्या कडीवर बसून चाललेय हे मला ठाऊक होतं.

पुढच्याच आठवड्यात बाबांना मी डॉक्टरांकडे घेऊन गेले. हे आधीच करायला हवं होतं. गोळ्या सुरू झाल्या. थरथर गेली नाही, पण कमी झाली; चहा आता ते एका हाताने पितात, फक्त कप अर्धा भरायचा. हातोडी त्यांनी स्वतःहून पेटीच्या तळाशी ठेवली. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. वाटलंही असेल. पण ते म्हणाले, "घाव घालणारा हात वेगळा, माल ओळखणारा वेगळा. दुसरा अजून शाबूत आहे." आणि खरंच, हत्यार मी कितीही चालवलं तरी नवी चेन विकत घ्यायची असेल तर मी त्यांनाच घेऊन जाते. ते चेन हातात आडवी धरतात, ती किती झुकते बघतात, आणि दुकानदाराला नुसतं "ही नको" म्हणतात.

हळूहळू बिल्डिंगमध्ये कळलं. पहिल्या मजल्यावरचे कुरिअरवाले आले, मग मागच्या विंगमधून एक शिक्षिका तिच्या नवऱ्याची गाडी ढकलत घेऊन आली. दर ऑक्टोबरला दोन-तीन रविवार सकाळी आवारात गाड्या उभ्या असतात. मी जमिनीवर, हात ग्रीसने काळे. बाबा खुर्चीत, पायाशी कानस आणि भिंग.

आज दुपारी मी माझी चेन उतरवत होते, तेवढ्यात एक गृहस्थ स्वतःची गाडी घेऊन आले. नुकतेच गिरगाव सोडून आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आलेले, बँकेतले. त्यांनी बाबांचे पांढरे केस बघितले, खुर्ची बघितली, आणि माझ्या डोक्यावरून वाकून सरळ बाबांना विचारलं, "काका, क्लिपची कडी चालेल की रिव्हेटच मारू? आणि हत्यार कुठलं घ्यावं, तुमचं मत काय?"

बाबांनी चष्मा वर केला. अर्धा भरलेला कप शांतपणे जमिनीवर ठेवला.

"मला काय विचारायलात," ते म्हणाले. "मिस्त्री खाली बसलीय. तिला विचारा."